तोंडाला न लावायचा पाइप

१६ जानेवारी २०००, रविवार

घेतला! घेतला एकदाचा!

उदगीरच्या दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पोचवायला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून स्टेशनजवळ चंद्रप्पाच्या भंगाराच्या दुकानात डोकावलो. नळाच्या तोट्या, मोडके स्टोव्ह, सायकलचे पायडल. आणि एका डालडाच्या डब्यात, गंजक्या खिळ्यांत रुतलेला — पाइप! तंबाखू ओढायचा, साहेबी. आखूड, वाकडा, काळा ढुस्स. आधी वाटलं तोटीचाच तुकडा आहे. हातात घेतला आणि कळलं, लाकूड आहे.

चंद्रप्पा म्हणे, "नोडरी भाई, बघा, भूकंपाच्या टायमाला किल्लारीला गोरे साहेब आल्ते न्हाई का, त्यातल्या एकाचा हाय." भूकंपाला इतकी वर्षं झाली, पण ह्याच्या दुकानातली प्रत्येक वस्तू अजून त्या गोऱ्या साहेबाचीच असते! मागं मला चाकू दिला होता, तोही त्याचाच. साहेब मदतीला आला होता का दुकान मांडायला? पण मी भाव केला नाही. मी! भाव न करता! चंद्रप्पाच घाबरला. त्याला वाटलं, लई मोलाची चीज हातची गेली.

बसमध्ये सारखा खिशातून काढून बघत होतो. शेजारची बाई सरकून बसली.

घरी बानोनं बघितला आणि लाटणं हातातच राहिलं. "ये क्या लाए जी?" चेहराच उतरला तिचा. चूक तिची नाही. मागच्या वर्षी शिवशंकर डॉक्टरांनी माझ्या गालात आतून पांढरा चट्टा बघितला. म्हणाले, "ताहेरभाई, बीडी आजपासून बंद. न्हाई तर पुढं काय होतंय, ते मी तुम्हाला सांगायला नको." नकोच. जबडा कापलेल्या माणसांना कवळी मीच करून देतो. त्या दिवशी बीडी सोडली ती सोडली. चट्टा गेला, पण बानोची धडकी गेली नाही.

शेवटी तह झाला. पाइप घरात राहील. दुरुस्त करा, चकाचक करा, बघत बसा. तोंडाला लावायचा नाही. भरलेला तर नाहीच नाही, रिकामासुद्धा नाही. अल्लाची कसम घेतली. कशिश बारावीच्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "अब्बा, मी साक्षीदार."

१७ जानेवारी

कामात लक्ष नाही. एका बाबांच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडं बसवला. श्रीमंतनं बघितलं म्हणून वाचलो. "ताहेरभाई, ह्यो माणूस चावंल कसा?" लॅबमध्ये आम्ही दोघंच. प्लास्टर तो ओततो, दात मी लावतो, आणि माझ्या चुका तो काढतो.

१९ जानेवारी

लई भारी गोष्ट कळली!

पाइपाची नळी, म्हणजे दातात धरायचा भाग, हिरवट-पिवळी पडलीय. मी प्लास्टिक समजत होतो. आज पॉलिश पेपर ओला करून जरा घासली — आणि वास आला. गंधकाचा! ताडकन उभाच राहिलो. अरे, हे तर आपलं रबर! प्लास्टिक यायच्या आधी कवळ्या ह्याच रबराच्या व्हायच्या. आमचे उस्ताद ते वाफेच्या डब्यात शिजवायचे. सगळ्या गल्लीत सडक्या अंड्यांचा वास सुटायचा आणि शेजारी भांडायला यायचे. म्हणजे मी दुसऱ्याच्या धंद्यात हात घातलेलाच नाही. हा पाइप माझाच आहे! श्रीमंतला ओरडून सांगितलं, "हे आपल्यातलंच हाय रे, कवळीचं रबर हाय हे!" तो म्हणाला, "बरं." त्याला कशाचंच काही वाटत नाही.

मग भिंग लावलं. नळीच्या टोकाला दातांचे वण, आणि खालून चावून चावून भोकच पडलेलं. वण सगळे सपाट, एका मापाचे. जिवंत दात असे चावत नाहीत. साहेबाला कवळी होती!

"मंग ती बी भूकंपात गेली आसंल," श्रीमंत म्हणाला. हसलो दोघं. मग आठवलं. त्या वर्षी किल्लारीकडून म्हातारी माणसं यायची. कवळी वाटीत, वाटी फळीवर, आणि पहाटे घर खाली आलं. जीव वाचला, दात ढिगाऱ्यात. किती दिवस दुसरं कामच केलं नाही आम्ही. एक आजी म्हणाली होती, "दात दे बाबा लवकर. रडताना तोंड कसं तरीच होतंय." पैसे घेतले नव्हते तिचे. परत कधी आली नाही.

२२ जानेवारी

आज पाइपाची वाटी आतून साफ केली. काजळीचा थर इतका जाड की करंगळी जाईना. प्लास्टर खरवडायच्या सुरीनं गोल गोल फिरवत काढत बसलो. घाई केली तर लाकूडच कापलं जायचं. बाहेर क्लासची पोरं "सर, क्लिप तुटली, सर, क्लिप हरवली" करून राहिली. वर्षभर लातुरात राहून नुसती पुस्तकं आणि दातांच्या तारा चावतात. म्हणलं, थांबा जरा, ऑपरेशन चालू आहे.

भुगा पडत गेला आणि आतून वास आला. जुना, गोडसर. तंबाखू! तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू? हात वर गेला. आपोआप! नळी ओठाशी आली तेव्हा भानावर आलो. पाइप टेबलावर आपटला आणि नळाखाली जाऊन खळखळून चूळ भरली. तोंडाला लावला नव्हता तरी भरली!

श्रीमंतनं विचारलं, काय झालं. म्हणलं, भुगा गेला तोंडात.

बानोला सांगितलं नाही. सांगण्यासारखं झालंच काय?

२४ जानेवारी

वाटीत खडेमीठ भरलं आणि वरून स्पिरिट ओतलं. सकाळी मीठ चहासारखं तपकिरी! सगळा कडवटपणा त्यानं ओढून घेतला. श्रीमंतच्या नाकाशी नेलं तर तो पळाला.

२६ जानेवारी

गल्लीत झेंडावंदन, लॅबला सुट्टी, आणि मी पाइप घेऊन अंगणात. नळीचं भोक बुजवायला बसलो. माझ्याकडं बुजवायचा मसाला एकच — हिरडीचा, गुलाबी. म्हणलं, रंगाचं पुढं बघू. बुजवला, घासला. आणि पाइपाला हिरडी फुटली! कशिश पोट धरून हसली. "अब्बा, आता ह्याला दात पण लावा." बानो चक्क हसली. पाइप घरात आल्यापासून पहिल्यांदा.

पण असा कसा सोडणार? उस्तादांची एक जुनी काळी रबरी कवळी नमुना म्हणून जपून ठेवलीय. मागं कुठं दिसत नाही असा कोपरा कानशीनं घासून भुगा काढला. उस्ताद, माफ करा! गुलाबी कोरून काढलं, भोकात भुगा भरला, वर फेविक्विकचा थेंब. परत भुगा, परत थेंब. वाळल्यावर सगळी नळीच घासली.

काळं! एकजीव! शिवणसुद्धा दिसत नाही. नाचलो अंगणात. समोरच्या होस्टेलवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

२९ जानेवारी

कशिशची सराव परीक्षा. पेपर अवघड गेला म्हणाली आणि जेवलीच नाही. मी पाइप दाखवला तर म्हणाली, "तुमचं बरंय अब्बा. तुमचं बिघडलेलं घासलं की नीट होतंय." केळं सोलून दिलं, खाल्लं तिनं.

३१ जानेवारी

गेला! वाटोळं झालं!

लॅब उघडली तर पाइप पाण्यात. कवळ्यांच्या वाटीत, कवळ्यांच्या मध्ये, बुडालेला! रात्रभर! लाकूड फुगलं, वरची तकाकी उडाली, नळी लाकडात अशी बसली की हलेना.

श्रीमंतचं काम. लॅब बंद करताना टेबलावरचं सगळं तो पाण्यात टाकतो. कवळी कोरडी राहिली की वाकडी होते. मीच शिकवलंय, येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगतो, रात्री पाण्यात ठेवा. पण लाकूड! बघू नये माणसानं? असा ओरडलो, असा ओरडलो की क्लासला चाललेली पोरं दारात थांबली. श्रीमंत मान खाली घालून म्हणाला, "तुमीच म्हणलाव की, आपल्यातलंच हाय, कवळीचं रबर हाय. म्हणलं, वाळंल."

पाइप उचलला आणि घरी घेऊन आलो.

१ फेब्रुवारी

श्रीमंत आज डबा न खाताच बसला होता. माझ्या डब्यातली शेंगाची चटणी त्याच्याकडं सरकवली. त्यानं खाल्ली.

३ फेब्रुवारी

पाइप तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, ओल ओढून घेईल म्हणून. बानोच्या हाताला लागला. "चावल में! अब ये चावल कौन खाएगा?" तिला वाटलं लपवून ठेवलाय. "लपवायचाच असता तर तांदळात ठेवला असता का? रोज हात घालतेस तिथं?" तिला पटलं. पण तांदूळ कोंबड्यांना गेले, आणि आज जेवणात बाजरीची भाकरी.

भाकरीच बरी होती, खरं तर.

७ फेब्रुवारी

अल्लाची मेहरबानी! बोलू का नको, असं झालंय!

लाकूड वाळलं. नळीला पीळ द्यायचा नाही, नाही तर दांडाच चिरतो, हे मला कळत होतं. फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. काढला, जरा थांबलो, हळूच ओढला — टक्! सुटली! आणि पाण्यानं काय केलंय बघा. वरची सगळी काळी चिकट राप त्यानंच सैल केली होती. ओल्या फडक्यानं पुसत गेलो तसं खालून लाकूड निघालं. लालसर. आणि त्यात रेषा! खालून वर उठलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. इतके दिवस हे आत होतं आणि मी काळा ढुस्स म्हणत होतो!

श्रीमंतला हाक मारली. बघत राहिला. मग म्हणतो कसा, "बघा. पाण्यात टाकलं म्हणून."

निर्लज्ज! पण मिठी मारली त्याला.

पॉलिशच्या मशीनवर धरला आणि लाइट गेली. दुपारपर्यंत आली नाही. जिवाचं नुसतं पाणी पाणी. मग आली. आधी नळी, मग लाकूड, मग मधमाशीचं मेण लावून मऊ चाकावर. नळी काळीभोर, काचेसारखी. त्यात माझं नाक दिसतंय.

९ फेब्रुवारी

भांडण. मोठं.

कशिश क्लासहून आली, दारातच थांबली. "अब्बा, घरात तंबाखूचा वास येतोय." माझ्याकडं अशी बघितली, जणू चोरच पकडला. मी म्हणलं, मी आत्ता आलोय, तुझ्याआधी पाच मिनिटं. तिनं पाइप उचलून हुंगला. बानोनं हुंगला. "हौ, इसमेच से आ रहा," बानो म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

कसम घेतली होती मी! अल्लाची! विश्वासच नव्हता तर कसम कशाला घेऊ दिली, पाइप ठेवू नको म्हणायचं होतं! ताट सरकवून उठलो. मग वाईट वाटलं. मीही हुंगला. वास घरात आहे हे खरं. लाकडातून अजून येतोय म्हणजे माझं काम कच्चं राहिलं. आतून परत मीठ भरलं, परत स्पिरिट. बाहेर थेंब सांडू दिला नाही, तकाकी जायची.



११ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखतंय!

माप घ्यायची पट्टी घरी राहिली म्हणून भर दुपारी आलो. दारातच तो वास! भक्क! मनात म्हणलं, पाइप तर लॅबमध्ये आहे, माझ्या टेबलावर! आत गेलो. बानो चुलीपुढं, तव्यावर तंबाखूची पानं टाकून काळीभोर भाजून राहिली. मिश्री! रोज सकाळ-संध्याकाळ दात घासायची. दोन-चार दिवसांनी भाजते, दुपारी, घरात कुणी नसताना, धुरानं कुणाला ठसका लागू नये म्हणून.

"अगं, हाच तो वास!"

"कौनसा?"

"तंबाखूचा!"

ती तव्याकडं बघते, माझ्याकडं बघते. "अजी, ये तो मिश्री है!" म्हणजे तिच्या डोक्यात आलंच नाही! आणि माझ्या तरी कुठं आलं? लग्न झाल्यापासून हा वास घरात आहे, आणि मी बिचाऱ्या पाइपाला परत मीठ चारलं! तिथंच फतकल मारून बसलो. ती हसते, मी हसतो, तव्यावरची मिश्री जळते. संध्याकाळी कशिश आली, तिला सांगितलं, तिनं कान पकडून माफी मागितली.

सुटलो बाबा! निर्दोष!

१२ फेब्रुवारी

ठेवायचा कुठं? भूकंपापासून आमच्या घरात डोक्याच्या वर एक वस्तू नाही. बानो फळी ठोकू देत नाही, घड्याळसुद्धा कमरेएवढ्या उंचीवर. शेवटी टी.व्ही.शेजारी जागा मिळाली, क्रोशाच्या रुमालावर. नवरदेव बसल्यासारखा दिसतोय.

१३ फेब्रुवारी, रविवार

सगळं झालं, एकच राहिलं. दातात नीट बसतो का? काम ते काम. कवळी तोंडात घालून बघितल्याशिवाय मी कुणाला घरी जाऊ देत नाही. हवा खेळते हे रबरी फुगा दाबून, आत हवा मारून बघितलं. पण दाताखालची जाडी तोंडाशिवाय कशी कळणार? आणि माझं तोंड तर कसमेत अडकलेलं.

श्रीमंतला सकाळी घरी बोलावलं. त्यानं धरला, सोडला, पाइप खाली! झेलला म्हणून बरं. त्याचे पुढचे दोन दात नाहीत, नेमके तिथलेच. कवळ्या करण्यात जन्म गेला, स्वतःची करत नाही! "करू की, घाई काय हाय."

बानो भाजी निवडत बघत होती. हात पुसले. "लाओ इधर. कसम तुमची आहे, माझी न्हाई." आणि खरंच धरला! पदर मागं टाकून, एक भुवई वर करून, साहेबासारखी. "ए ताहेर, चाय लाव!" कशिश जमिनीवर लोळायची बाकी राहिली. श्रीमंतनं सलाम ठोकला. इतकी हसली बानो. चट्टा निघाल्यापासून अशी हसलेली मी बघितली नव्हती. किती छान दिसते ही हसताना!

फक्त डावीकडं धरवेना तिला. "उधर नक्को. झोंबतंय." उजवीकडं धरला, फक्कड बसला. नळीची डावी कड जरा तीक्ष्ण राहिली असणार. उद्या घासून मारतो.

१४ फेब्रुवारी

कड मारली. जिभेनं चाटावी इतकी मऊ. संध्याकाळी बानोला परत धरायला लावला. "झोंबताइच है." असं कसं? आणखी गोल केली. बोट फिरवून फिरवून बघतोय, कुठं काही लागत नाही. माझ्या हातून कड राहत नाही कधी. उद्या भिंगाखाली धरतो.

१५ फेब्रुवारी

नळीत काही नव्हतं.

सकाळी बानोला दारात, उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि लॅबचा छोटा आरसा आत धरला. डाव्या गालात, खाली, जिथं ती मिश्रीचं बोट फिरवते तिथं. पांढरं. माझ्याहून कितीतरी मोठं. कडेनं लाल.

म्हणलं, शिवशंकर डॉक्टरांकडं जाऊन येऊ. आत्ता. "अब्बीच? दूध चढाया है." म्हणलं, उतरव.

दूध उतरवून बुरखा घालतेय. तेवढ्यात हे लिहून राहिलो. आतून तिचं हसणं ऐकू येतंय. तिला वाटतंय, पाइपाचंच काहीतरी खूळ आहे माझं.